आधी कड, मग भोकं, मग चित्र

मुठीत आडवी बसवलेली बांबूची बारीक खुंटी काढली की जपानी तलवार सुटी होते. मूठ निघते, तिच्या पाठोपाठ वॉशरसारखी एक पातळ तांब्याची चकती निघते आणि मग तळहातावर मावेल एवढी धातूची एक तबकडी हाती येते. हीच त्सुबा. वार करताना पुढे सरकलेला हात पात्यावर जाऊ नये, समोरच्याचं पातं घसरत आलं तर बोटं वाचावीत आणि हातातल्या तलवारीचा तोल सांभाळला जावा, एवढ्यासाठी ती असते. मोठ्या तलवारीची त्सुबा साधारण साडेसात-आठ सेंटिमीटरची आणि चार-पाच मिलिमीटर जाड. कमरेच्या दुसऱ्या, आखूड तलवारीची त्याहून लहान.

आपल्याकडच्या मराठा तलवारीत पात्याचा मागचा भाग लाखेच्या मसाल्यानं मुठीत घट्ट बसवलेला असतो आणि परज, म्हणजे हात वाचवणारी आड, हा मुठीचाच अवयव असतो. मूठ बदलली तर परजही तिच्याबरोबर जाते. त्सुबाचं तसं नाही. ती एका पात्यावरून दुसऱ्या पात्यावर जाते, आजोबांच्या तलवारीवरून नातवाच्या तलवारीवर येते. मालकाची ऐपत वाढली, फॅशन बदलली, दरबाराचा नियम बदलला, तर ती उतरवून दुसरी चढवता येते. तिला तलवारीपासून वेगळं असं स्वतःचं आयुष्य असतं आणि त्या आयुष्याच्या खुणा तिच्यावर उमटलेल्या असतात. मला या वस्तूची ओढ आहे ती या खुणांमुळे.

चित्र पाहून माणूस जवळ येतो: बगळे, लाटा, तुटके पंखे, पावसात भिजणारा नावाडी. पण त्सुबाची ओळख कडेपासून सुरू करावी आणि चित्राकडे सगळ्यात शेवटी यावं, असं मला अनुभवानं ठामपणे वाटू लागलंय. एकच चित्र चार प्रांतांतल्या कारागिरांनी तीनशे वर्षं केलेलं असतं. चित्र नकलता येतं. कड आणि भोकं नकलायला त्याहून खूप कठीण.

त्सुबा पाहताना ती उभी धरायची, मधल्या भोकाचं निमुळतं टोक वर. ते टोक पात्याच्या धारेच्या बाजूचं. कमरेच्या पट्ट्यात कताना ही मोठी तलवार खोचतात तेव्हा धार आकाशाकडे असते, म्हणून टोक वर. त्याआधीच्या काळातली, घोडेस्वारांची ताची ही तलवार कमरेला टांगून वापरायची, धार जमिनीकडे ठेवून. तिच्या त्सुबाचं वर-खाली उलटं. हे ध्यानात न घेतल्यामुळे डोक्यावर उभे राहिलेले बगळे मी विक्रीच्या छापील याद्यांमध्येही पाहिलेत.

आता बाह्याकार. सर्वांत जास्त दिसतो तो गोल, मारु-गाता. मात्र मोजपट्टी लावली तर यातल्या बऱ्याच गोलांची उंची रुंदीपेक्षा किंचित जास्त भरते, आणि ते किंचित लांबटपण हाताला आणि डोळ्याला फार सुखद वाटतं. कंपासनं काढलेलं वर्तुळ मुठीवर बसवलं तर ते बुटकं दिसतं. याच्या पुढची पायरी म्हणजे उघड लंबगोल. मग मोक्को: चार ठिकाणी आत दबलेली, चार फुगीर पाकळ्यांची आकृती. दाब हलका असला तर नुसता गोलाचा कानकोपरा घेतल्यासारखं वाटतं, खोल असला तर चार पानं स्पष्ट सुटतात. सोळाव्या शतकातला सेनापती ओदा नोबुनागा याच्या घराण्याचं बोधचिन्हही मोक्कोच, फक्त पाच पाकळ्यांचं. चौकोनात काकु-गाता, आणि कोपरे चोळून मऊ केलेला नादेकाकु. आओरी हा मला विशेष आवडणारा आकार: वरून अरुंद, खाली पसरट, बाजू किंचित फुगलेल्या. घोड्याच्या कुशीला चिखल उडू नये म्हणून खोगिराखाली जे कातडं सोडतात त्याचा हा आकार. तबकडीचं वजन तळाशी उतरल्यासारखं दिसतं आणि ती स्थिर, बैठी वाटते. हिगो प्रांताच्या कारागिरांनी त्याचं सोनं केलं.

दोन आकार मात्र ताचीशी बांधलेले आहेत. आओइ म्हणजे चार टोकदार पानं एकत्र आल्यासारखी आकृती, तोकुगावा शोगुनांच्या, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्यांच्या, बोधचिन्हातली ती पानं. पण हा आकार तोकुगावांच्या कितीतरी आधीचा आहे, त्यामुळे पान दिसलं की शोगुन आठवायची घाई करू नये. त्या पानांच्या खाचांपाशी बदामाच्या आकाराची चार छिद्रं असतात. आजच्या डोळ्याला ती हृदयं दिसतात आणि मग प्रेमाच्या गोष्टी सुचतात. जपान्यांच्या लेखी तो रानडुकराचा डोळा, इनोमे. देवळांच्या लाकडी आणि धातूच्या कामातही तो भेटतो. दुसरा आकार शितोगी. ही तर तबकडीच नव्हे. वरून पाहिलं तर शिंतो देवांना वाहायच्या तांदळाच्या लांबट लाडवासारखी, आणि दोन्ही अंगांना धातूच्या बाकदार कड्या. दरबारी समारंभांतल्या तलवारींना ती असे. लढाईत तिचा काय उपयोग झाला असता, असा प्रश्न पडू नये इतकी ती शोभेची आहे.

आकारावरून काळ ठरवायचा मोह होतो, आणि तो आवरावा लागतो. एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868 या अडीचशे वर्षांच्या शांततेत, जुने आकार पुन्हापुन्हा आवडीनं करवून घेतले गेले. आकार तुम्हाला फक्त गल्लीच्या तोंडाशी आणून सोडतो. घर शोधायचं ते भोकांवरून.

मधलं पाचरीसारखं भोक पात्याच्या मुठीत शिरणाऱ्या भागासाठी. त्याच्याभोवती लंबगोल सपाट जागा राखलेली असते, सेप्पा-दाई. वॉशर बसतो तो इथे, आणि सही असलीच तर तीही इथे, म्हणजे तलवार जोडलेली असताना कारागिराचं नाव कुणालाच दिसत नाही. या जागेच्या रेखेत घराण्याची सवय असते: कुणाची लांबट आणि निमुळती, कुणाची रुंद आणि भरीव. मी नव्या तबकडीत कडेनंतर पहिल्यांदा हीच रेखा पाहते.

पाचरीच्या डाव्या-उजव्या अंगाला आणखी दोन भोकं असू शकतात. डावीकडचं अर्धचंद्राकृती, उजवीकडचं तीन फुगवट्यांचं. म्यानाच्या एका कुशीत छोटी सुरी खोचलेली असे आणि दुसरीत कोगाई नावाची केस नीट करायची सळई. तलवार म्यानातच ठेवून त्या दोन वस्तू बाहेर ओढता याव्यात म्हणून ही वाट. म्यान तसं नसेल तर भोकंही नसत. आणि इथेच इतिहास सुरू होतो. जुन्या पातळ लोखंडी तबकड्या घडल्या तेव्हा पुष्कळदा त्यांना ही भोकं नव्हतीच. नंतरच्या मालकाला सुरीची सोय हवी झाली, त्यानं ती पाडून घेतली, आणि नवं भोक जुन्या नक्षीचा लचका तोडून गेलं. कधी उलट घडतं: भोक नको झालं म्हणून ते शाकुदो या तांबं-सोन्याच्या मिश्रधातूनं किंवा शिशानं बुजवतात. पाचरीच्या वर-खाली तांब्याचे छोटे तुकडे ठोकून बसवलेले दिसतात, सेकिगाने. तबकडी नव्या पात्यावर घट्ट बसावी म्हणून भोक लहान केलेलं असतं. भोकाच्या काठावर छिन्नीचे ठोकेही त्याचसाठी. मूळ भोक, त्यात तांबं, त्या तांब्याला पुन्हा कानस मारलेली: ही तबकडी एकाहून जास्त तलवारींवर राबली आहे हे तुम्हाला कागदाशिवाय कळतं. स्वच्छ, कोरं, एकही ठोका नसलेलं भोक असेल तर ती कदाचित कधी तलवारीवर चढलीच नाही. एदो काळाच्या शेवटी आणि नंतर निर्यातीसाठी अशाही पुष्कळ झाल्या.

मग धातू. लोखंडाची त्सुबा पाहताना मी रंगाआधी कडेची गोलाई तिरप्या उजेडात पाहते. जुन्या ठोकीव लोखंडात कर्ब सगळीकडे सारखा मुरलेला नसतो. मऊ भाग झिजतो, कडक भाग गाठींसारखा वर राहतो. या गाठींना जाणकार तेक्कोत्सु म्हणतात, लोखंडाची हाडं. ओवारी प्रांताच्या, म्हणजे आजच्या नागोया भागातल्या तबकड्यांत, आणि त्यांच्या लहानखुऱ्या, जाड भावंडांत, कानायामांत, ही हाडं कडेवर ठसठशीत उभी असतात. चहाच्या समारंभातल्या ओबडधोबड वाडग्यांवर प्रेम करणाऱ्या काळाला ती दोष वाटली नाहीत. कारागिरानं ती घासून काढली नाहीत, हा त्या काळाच्या रुचीचा पुरावा आहे.

लोखंडाचा रंग गडद जांभळट-तपकिरी हवा, हात फिरून फिरून आलेल्या मऊ चकाकीचा. तो मुद्दाम आणलेल्या आणि जपलेल्या गंजाचाच थर असतो. लालभडक गंज वेगळा. तो हाडाच्या किंवा शिंगाच्या तुकड्यानं हळूहळू खरवडतात आणि मग सुती कापडानं पुसत राहतात, महिनोन् महिने. पॉलिश पेपरनं चकचकीत केलेली जुनी त्सुबा पाहिली की मला खरंच वाईट वाटतं. पन्नास पिढ्यांचं सोडा, चार पिढ्यांनी जपलेली कातडी एका दुपारी सोललेली असते.

मऊ धातूंचं जग निराळं. शाकुदो म्हणजे तांब्यात तीन ते पाच टक्क्यांच्या आसपास सोनं. ओतल्यावर तो तांब्यासारखाच दिसतो. मग मुळ्याच्या किसात बुडवून, तांब्याच्या क्षारांच्या पाण्यात उकळला की त्याच्यावर निळसर काळा रंग चढतो, कावळ्याच्या पंखावर ऊन पडल्यावर दिसतो तसा. शिबुइचीत नावाप्रमाणे चौथा हिस्सा चांदी असावी, प्रत्यक्षात प्रमाण बदलतं, आणि रंग राखाडी ते पावसाळी आभाळापर्यंत कुठलाही. या काळ्या-करड्या जमिनीवर सोनं, चांदी, तांबं बसवलं की रंगपेटी पूर्ण होते. जमीन सपाट ठेवत नसत. बारीक पोकळ पंचानं एकेक ठोका देत रांगेत हजारो दाणे उठवत, माशाच्या अंड्यांसारखे. या कामाला नानाको म्हणतात. दाण्यांच्या ओळी वाकड्या जात नाहीत ना, हे भिंगाखाली पाहताना श्वास रोखला जातो. गोतो घराण्याची ही खासियत. गोतो यूजो (1440–1512) हा मूळपुरुष, आशिकागा शोगुन योशिमासाच्या पदरी होता आणि घराणं सतरा पिढ्या चाललं. एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योतल्या, शोगुनांच्या किल्ल्यात अधिकृत पोशाखात जाताना सामुराईची तलवार काळ्या लाखेच्या म्यानाची असे, तिच्यावरचं बारीक सामान गोतो पद्धतीचं आणि त्सुबा बहुधा शाकुदोची, नितळ, जवळजवळ चित्रहीन. सत्तेच्या अगदी जवळ जाताना अंगावर सगळ्यात कमी नक्षी, हे मला फार बोलकं वाटतं.

पण खरं सांगायचं तर माझा जीव लोखंडी जाळीकामात अडकला आहे. सुकाशी. ती दोन तऱ्हेची. एकीत आकृतीच कापून टाकतात; पान हवं असेल तर पानाच्या आकाराचं भोक. ही सावलीची सुकाशी. फार जुन्या, तलवारकारांच्या आणि चिलखतकारांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पातळ, मोठ्या, गोल तबकड्यांवर असं एखादंच भोक असतं: एका बाजूला चेरीचं फूल, नाहीतर चाक, नाहीतर पाच मजल्यांचा स्तूप, आणि बाकीचा सगळा पत्रा मोकळा. एवढ्या मोकळ्या पत्र्यात ते एक फूल कुठे ठेवायचं याचा निर्णय ज्यानं घेतला त्याच्याबद्दल मला आदर वाटतो. दुसऱ्या तऱ्हेत उलट: जमीन कापून टाकतात आणि आकृती शिल्लक राहते, कडेला आणि सेप्पा-दाईला चार-दोन ठिकाणी धरून. क्योतोच्या जाळ्या सडपातळ, रेषा नाजूक, पोकळी भरपूर. ओवारीच्या जाळ्या रुंद पट्ट्यांच्या, डावं-उजवं तोलून धरलेल्या, रोखून पाहणाऱ्या. शेजारी शेजारी ठेवल्या तर फरक सांगायला शिक्षक लागत नाही. यांपैकी बहुतेकांवर सही नाही, आणि क्योतो, ओवारी ही नावंही बरीचशी नंतरच्या जाणकारांनी वर्गवारी करताना दिलेली आहेत. त्यामुळे प्रमाणपत्रावर नाव वाचलं तरी मी पुन्हा एकदा कडेकडे वळते.

क्युशू बेटावरच्या हिगोची, म्हणजे आजच्या कुमामोतोची, तऱ्हा आणखी वेगळी. तिथल्या रुचीवर छाप होती सरंजामदार होसोकावा तादाओकीची (सान्साई या नावानंही ओळखतात). सेन नो रिक्यू या चहागुरूचा तो थेट शिष्य. त्याच्या घराण्याच्या आश्रयानं कारागिरांच्या चार शाखा वाढल्या: हिराता, निशिगाकी, शिमिझू आणि हायाशी. हायाशी माताशिचीचं (1613–1699) घर मुळात बंदुका घडवणारं. लोखंडावर त्याचा हात इतका चालायचा की काळं लोखंड रेशमासारखं वाटतं. त्याची एक त्सुबा आहे, फाटके पंखे आणि गळलेली चेरीची फुलं अशी. पंख्यांचं कापड विरलेलं, आणि अधूनमधून सोन्याचा बारीक शिडकावा. हे सोनं बसवायची पद्धत आपल्याला परकी नाही: लोखंडावर छिन्नीनं आडव्या-उभ्या बारीक रेघा मारून खरखरीत करायचं आणि त्यावर सोन्याचा पत्रा दाबून ठोकायचा. आपल्याकडे तलवारींवर, कट्यारींवर हेच कोफ्तगारीचं काम. निशिगाकी कानशिरोच्या जाळ्या मात्र मुद्दाम किंचित ढळलेल्या असतात. एखादी लाट जराशी लांबलेली, एखादी फांदी जराशी ओघळलेली. अचूक प्रमाणबद्धतेनं जो ताण येतो तो त्यानं सैल केला. मला दोघांत निवडायला सांगितलं तर मी कानशिरो निवडेन.

कुमामोतोतच 1640 नंतर, आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, नामांकित तलवारबाज मियामोतो मुसाशी राहिला. त्याच्या नावावर सांगितली जाणारी रचना म्हणजे डावी-उजवीकडे लांबट गुळगुळीत दोन पोकळ्या, समुद्रकाकडीसारख्या. बस, एवढंच. फूल नाही, पान नाही. इतकं कमी ठेवून उरलेल्या लोखंडाचा आकार बिघडू न देणं किती अवघड आहे, हे एकदा कागद कापून करून बघावं.

आता चित्राकडे येऊ. इथे गंमत अशी की चांगल्या त्सुबावर ज्याची गोष्ट आहे तो माणूस अनेकदा नसतोच. पाण्यावर नागमोडी टाकलेल्या फळ्यांचा पूल आणि निळ्या आयरिसची फुलं, एवढंच दिसतं. जपानी वाचकाला तेवढं पुरतं: ‘इसे मोनोगातारी’ या जुन्या कथा-कवितांच्या ग्रंथातला राजधानीपासून दूर निघालेला तो सरदार मिकावा प्रांतात आठ पुलांपाशी थांबला, फुलं पाहिली आणि घरच्या आठवणीनं कविता रचली. सरदार कोरण्याची गरज पडत नाही. पाइनखाली दाताळं आणि खराटा पडलेला असला की ताकासागोचे म्हातारा-म्हातारी, लग्नातल्या आशीर्वादाची जोडी. लाटा, पंखा आणि बाण असला की 1185 ची याशिमाची लढाई: तायरा घराण्याच्या नौकेवर उभारलेला पंखा पाण्यात घोडा घालून शत्रुपक्षाचा धनुर्धर नासु नो योइची यानं एका बाणात पाडला. प्लमची फांदी असेल तर 901 मध्ये क्युशूला हद्दपार झालेला विद्वान मंत्री सुगावारा नो मिचिझाने, ज्याच्यामागून त्याचं आवडतं झाड उडत गेलं म्हणतात. पाण्यावर तरंगणारं शेवंतीचं फूल दिसलं की सम्राटासाठी लढलेला कुसुनोकी मासाशिगे, राजनिष्ठेचा पुतळा. मोरपीस आणि बासरी ठेवली की आपल्याकडे कृष्ण काढावा लागत नाही, तसंच हे.

या पद्धतीमागे व्यवहारही आहे. आठ सेंटिमीटरच्या तबकडीत, मधोमध मोठं भोक असताना, माणूस कोरायला जागाच कुठे असते? पण व्यवहारापलीकडची गोष्ट म्हणजे पाहणाऱ्यावर टाकलेला विश्वास. वस्तू ठेवली, माणूस तू आण. उलट टोकाला हिकोनेचं सोतेन घराणं: घोडेस्वार, झेंडे, झाडं, सोन्याचे चेहरे, सगळं ठासून भरलेलं. ती कारागिरी अवघड आहे आणि परदेशी संग्राहकांना एकोणिसाव्या शतकात तिनंच भुरळ घातली. सोतेनच्या सहीच्या नकलाही मुबलक झाल्या. मला त्या गर्दीपाशी फार वेळ उभं राहवत नाही.

काही आकृत्या मात्र गोष्टीच्या नसून इच्छेच्या असतात. चतुर हा कीटक सामुराईंचा लाडका, कारण तो माघारी उडत नाही अशी समजूत, विजयाचा किडा. लाटांवरून पळणारा ससा ‘चिकुबुशिमा’ या ‘नो’ शैलीतल्या जुन्या जपानी नाटकातून आलेला. बर्फाच्या स्फटिकांची फॅशन तर पुस्तकामुळे आली: कोगाचा सरंजामदार दोई तोशित्सुरा यानं सूक्ष्मदर्शकाखाली हिमकण न्याहाळून त्यांची चित्रं 1832 मध्ये छापली, आणि लवकरच ते सहा टोकांचे कण कापडावर, भांड्यांवर आणि तलवारींच्या सामानावर उतरले. अशा हुबेहूब स्फटिकांची त्सुबा दिसली तर तिचा काळ त्या पुस्तकाच्या आधी नेताना दहादा विचार करावा. चित्रावरून काळ ठरवता येतो अशा थोड्या जागांपैकी ही एक. क्रूस दिसला की ‘लपलेल्या ख्रिस्त्यांची त्सुबा’ म्हणणारे मात्र पुष्कळ भेटतात. जपानी बोधचिन्हांत फुलीचे आकार आधीपासून आहेत. सात्सुमाच्या शिमाझू घराण्याचं चिन्ह म्हणजे वर्तुळातली फुलीच. अशा दाव्यांना माझा पहिला प्रतिसाद संशयाचा असतो.

ख्रिस्ती म्हटलं की गोवा आठवल्याशिवाय राहत नाही. पोर्तुगीज 1543 मध्ये जपानच्या दक्षिणेकडच्या तानेगाशिमा बेटाला पोचले आणि पुढे त्यांची मोठी गलबतं गोव्याहून मलाक्का, मकावमार्गे नागासाकीला जाऊ लागली. 1549 मध्ये कागोशिमाला उतरलेले सेंट फ्रान्सिस झेवियरही गोव्याहूनच निघाले होते. त्यांचा देह आज जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बासिलिकेत आहे. दक्षिणेच्या समुद्रातून आले म्हणून जपान्यांनी या लोकांना ‘नानबान’, दक्षिणेचे रानटी, म्हटलं. याच नावाचा त्सुबाचा एक प्रकार आहे, मात्र तो बहुतांशी पोर्तुगीज हाकलले गेल्यानंतरचा. दाट गुंतलेल्या वेली, त्यांच्यात शिरलेले दोन ड्रॅगन, मधे मणी, आणि वेलीचे देठ एकमेकांच्या खालून-वरून खरोखर सुटे कोरलेले. चीन, आग्नेय आशिया, भारत आणि डच व्यापाऱ्यांच्या तलवारी यांचं सगळं पाणी त्यात मिसळलं आहे. यांत मधली सपाट जागा कधी लंबगोलाऐवजी चौकोनी असते, आणि क्वचित मूळ भोकही जपानी पात्याचं नसून दुसऱ्याच देशाच्या तलवारीचं असतं, जे नंतर वाढवून पाचरीसारखं केलेलं. नानबान तबकडीत मी सगळ्यात जास्त वेळ त्या भोकापाशीच घालवते.

आणि मग कानेइए. क्योतोजवळच्या फुशिमीत राहणारा, सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सांध्यावरचा. लोखंडाच्या तबकडीवर शाईच्या चित्रासारखं निसर्गदृश्य आणणाऱ्यांत तो पहिल्या मानाचा. त्याच्या तबकडीची कड मुद्दाम असमान असते, मुठीनं दाबल्यासारखी, आणि कडेचं लोखंड आतल्या बाजूला किंचित वळवलेलं. दूर डोंगर, झोपडी, होडी, आणि मधे भरपूर मोकळं लोखंड, जे कधी धुकं होतं आणि कधी पाणी. त्याची एक त्सुबा पाण्यातल्या चंद्राकडे हात लांबवणाऱ्या माकडाची आहे. झेन चित्रकारांचा हा आवडता विषय, म्हणून तो जपानीच वाटतो. पण ही गोष्ट वाराणसीची आहे. महासांघिक विनयात, म्हणजे एका प्राचीन बौद्ध पंथाच्या भिक्षूंच्या नियमग्रंथात, ती सांगितली आहे: काशीच्या देशात पाचशे माकडं एका वडाखालच्या विहिरीपाशी आली, पाण्यात चंद्र पडलेला पाहिला आणि जगातला चंद्र बुडाला म्हणून एकमेकांच्या शेपट्या धरून त्याला काढायला उतरली. फांदी मोडली. ही कथा पाली-संस्कृतच्या जगातून चिनी भाषांतरात गेली, तिथून चित्रांत, आणि शेवटी फुशिमीच्या एका लोहाराच्या हाती आली. त्याच्या छिन्नीखाली पाचशेतलं एकच माकड उरलं. विहीर, वड, बाकीची माकडं सगळी गेली. इतर त्सुबांवर माणूस गाळण्याचा जो रिवाज आहे, तोच इथे गोष्टीवर चालवला आहे, आणि वाराणसीतून निघालेली माकडं ओळखायला मी, मराठी वाचक, तिथे हजर आहे याचा मला अगदी मनापासून आनंद होतो.

28 मार्च 1876 ला मेइजी सरकारनं, म्हणजे शोगुनांच्या जागी आलेल्या सम्राटाच्या सरकारनं, सामान्य माणसाला, माजी सामुराईलाही, तलवार लावून फिरायला बंदी केली. हजारो कारागिरांचं काम एका फटक्यात थांबलं. काहींनी फुलदाण्या आणि दागिने घडवायला घेतले, आणि घराघरांतून उतरवलेल्या त्सुबा पोत्यांनी बंदरांवर आल्या. बोस्टन, न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस इथल्या संग्रहांत आज जे दिसतं त्यातलं बरंच त्या लाटेत गेलेलं. कानो नात्सुओ (1828–1898) या त्या पिढीच्या सर्वोत्तम हाताला सरकारनं नव्या नाण्यांच्या कोरीवकामात घेतलं होतं, आणि पुढे तो तोक्योच्या कलाशाळेत शिकवू लागला. ज्या हातानं शिबुइचीवर एखाद्या फुलाची एकच रेघ मारायची, त्याच हाताचा ड्रॅगन नाण्यांवरून लोकांच्या खिशात पोचला.

आज बाजारात ओतीव नकला पुष्कळ आहेत. जाळीच्या आतल्या भिंती भिंगाखाली पाहिल्या तर साच्याच्या जोडाची रेघ किंवा बुडबुड्यांचे खड्डे दिसतात. कापलेल्या, कानशीनं घासलेल्या भिंतीत तसं काही नसतं. दोऱ्यावर टांगून नखानं वाजवली तर ठोकीव लोखंड खणखणीत लांब वाजतं, ओतीव थपकन थांबतं. ही चाचणी शंभर टक्क्यांची नव्हे, पण कान तयार होतो.

एक मागणी मात्र मी संग्रहालयांकडे करत राहणार आहे. त्सुबाला मागची बाजू असते. पुढची बाजू मुठीकडे, म्हणजे ज्याच्या कमरेला तलवार आहे त्याच्या समोर उभ्या राहणाऱ्याला दिसणारी. मागची म्यानाच्या तोंडाला टेकलेली. ती दिसते तलवार उपसल्यावर, पात्यापलीकडे उभ्या असलेल्याला. कानेइए आपलं दृश्य तिथेही चालू ठेवतो, तिथला डोंगर पुढच्या डोंगराचाच उतार असतो. जाळीकामात मागून पाहिलं की डावं उजवं होतं आणि बगळे उलट दिशेनं उडतात. तरी काचेच्या कपाटात तबकडी कापडावर आडवी ठेवलेली असते आणि बहुतेक छायाचित्रं एकाच बाजूची असतात. उभा आधार द्यावा, मागे आरसा लावावा, दोन्ही बाजूंची छायाचित्रं घालावीत, आणि भोकाच्या काठाचं एक जवळून घेतलेलं छायाचित्र आवर्जून द्यावं.